तांबड्या कोंबड्याची पिसं

माझ्याकडं एक माशी आहे. खरी नव्हे. बारक्या गळावर पिसं आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेली, पाण्यावर तरंगणारी, माशाला फसवायची. अशा माश्या मी उभ्या आयुष्यात शेकड्यानं बांधल्या. काही बाभळीत अडकल्या, काही माशांनी तोडून नेल्या, काही सोबत्यांना वाटल्या. ही एकच राहिली. ती कधी पाण्याला लागली नाही, आणि टाकूनही देता आली नाही. पत्र्याच्या डबीत आहे. डबी कपाटात आहे. बायकोला वाटतं, पहिल्या माशाची आठवण असेल. मी काही बोलत नाही. न बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे पुढं कळेलच.

हा नाद मला नांदेडला लागला. गोदावरीच्या घाटाजवळ एक म्हातारे राहायचे, निजामाच्या फौजेतून घरी बसलेले. त्यांच्याकडं बांबूच्या कामट्या चिकटवून केलेली, मासे धरायची एक विलायती काठी होती. गांडूळ लावून गळ टाकणाऱ्यांना ते माणसात धरत नसत. त्यांची तऱ्हा वेगळी. पिसाच्या माशीला वजन नसतं, म्हणून माशी फेकता येत नाही, दोरी फेकावी लागते. काठी उचलली की दोरी डोक्यावरून मागं जाते, हवेत उलगडते, आणि ती सरळ झाली की मगच हात पुढं आणायचा. आधी आणला तर दोरीचा गुंता, उशिरा आणला तर दोरी जमिनीवर. "जोर नक्को लगा," म्हातारे म्हणायचे. "ठहर. डोरी को पीछे खुलने दे." त्या ठहरण्यासाठी मी ओल्या वाळूत दोन वर्षं घालवली. काखेत वर्तमानपत्राची घडी दाबून ती पडू न देता दोरी फेकायला शिकलो. म्हातारे गेले तेव्हा काठी माझ्याकडं आली. नंतर लग्न झालं, पाटबंधारे खात्यात नोकरी लागली, पण खरा संसार त्या काठीशीच. बायको म्हणायची, सवत परवडली, ती निदान स्वयंपाकाला तरी हात लावते. ऑफिसात म्हणायचे, निघाले साहेब माशा मारायला. मी हसून घ्यायचो. मनातून मला त्या सगळ्यांची कीव यायची. एवढा मी शहाणा.

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा तिकडं माणसं लागत होती. माझी बदली एका आडगावच्या तलावावर झाली; बायको नांदेडलाच राहिली. काम सोपं: रोज सकाळी मोजपट्टी बघायची आणि पाणी किती आहे ते लिहायचं. पण जिल्हा आला आणि मागोमाग पाऊस गेला. एक साल गेलं, दुसरं गेलं. रोज मी फक्त पाणी किती खाली गेलं तेवढंच लिहीत होतो.

गावात मला खोली मिळेना. का, ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, आडनाव सांगितलं की समोरच्याला खोलीत एकदम काहीतरी ठेवायचं असल्याचं आठवायचं. शेवटी एका शेतकऱ्याच्या विधवेनं अंगणातली खोली दिली. तिनं जात विचारली नाही असं नाही. विचारली, ऐकून घेतली, अन् म्हणाली, "ऱ्हावा. पाणी तेवढं जपून वापरा." घरात ती, तिचा एकुलता पोरगा आणि सून. सून मला भाऊ म्हणायची. घागरी घेऊन टँकरला जाताना माझाही एक हंडा घेऊन जायची. मी नको म्हणालो नाही. एकदाही म्हणालो नाही.

तलावात शेवटी बांधाच्या पायथ्याशी एक डबकं उरलं. त्यात माशांपैकी एक मोठी मरळ तेवढी होती. मरळीला हवा घ्यायला पाण्याच्या वर यावं लागतं. सकाळी मी मोजपट्टीजवळ उभा राहिलो की तिचं काळं डोकं वर यायचं, एक घोट घ्यायचं, खाली जायचं. मला दुसरं काही सुचेना. गावच्या बाया घागरींची रांग लावून टँकरची वाट बघत उभ्या असायच्या, आणि मी त्यांच्यासमोर तलावाच्या भेगाळलेल्या तळात काठी घेऊन कोरड्या जमिनीवर दोरी फेकत असायचो. सराव करतोय, असं मी स्वतःला सांगायचो. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "ह्येला येड लागलंय का?" दुसरी म्हणाली, "सरकारी हाय, पगार चालूच ऱ्हातो." आज ते आठवलं की कान गरम होतात. तेव्हा झाले नाहीत.

मरळीसाठी तरंगणारी तांबूस माशी हवी होती, आणि माझ्याजवळची पिसं कसरीनं खाऊन टाकली होती. म्हातारे सांगायचे, माशीला जुन्या कोंबड्याच्या मानेचंच पीस पाहिजे, ते कडक असतं, पाण्यावर उभं राहतं. दुष्काळात गावानं कोंबड्या विकून नाहीतर खाऊन टाकलेल्या. सगळ्या गावात एकच कोंबडा उरला होता, तो आमच्या अंगणात. तांबडा, तुरेबाज, मानेवर सोन्याची झाक. पोराला कावीळ झाली होती तेव्हा घरमालकिणीनं तो देवीच्या नावानं सोडला होता. आखाडात द्यायचा होता. माणसं पातळ आमटीवर दिवस काढत होती आणि त्याला रोज मूठभर ज्वारी मिळायची. सुनेला ते सहन होत नसे. "माणसाला दाणा न्हाई अन् ह्येची चैन," असं ती एकदा सासूच्या तोंडावर बोलली, आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

आमच्या घरात नवस, कोंबडं, अंगात येणं हे सगळं माझ्या जन्माआधीच बंद झालेलं. त्याचा मला अभिमान होता आणि आहे. पण त्या दुपारी मी त्या अभिमानाचा काय उपयोग केला, तर असा: घरात कुणी नव्हतं, कोंबडा सावलीत मातीत लोळत होता, आणि मी मनाशी म्हणालो, नवस म्हणजे शेवटी अंधश्रद्धाच ना, चार पिसांनी काय बिघडतं. चोरी करायला वडिलांची दीक्षा पुढं केली मी. याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

कोंबडा मांडीत धरला. चारच पिसं घ्यायची होती. त्यानं हिसका दिला आणि मुठीत झुपकाच आला, कातडीसकट. मानेवर रुपयाएवढी जागा उघडी पडली, रक्त आलं. घाबरून मी माझ्या डब्यातली हळद आणून जखमेवर दाबली, त्याला सोडलं, पिसं डबीत घातली आणि खोलीत जाऊन बसलो.

दिवेलागणीला घरमालकिणीच्या लक्षात आलं. खोट असलेला कोंबडा देवीला चालत नाही. एवढे दिवस पोटाला चिमटा घेऊन पोसलेला नवस वाया गेला, आणि तो पोराच्या जिवाचा नवस. ती आधी ओरडली नाही. कोंबड्याची मान चाचपत बसली. मग हळद दिसली. "मुंगसाचं काम न्हाई ह्ये," ती सुनेला म्हणाली. "हळद लावायची अक्कल बाईमाणसालाच असती. माझ्या लेकराच्या वाईटावर टपलीस का गं?"

सून म्हणाली, "म्या हात लावला न्हाई." एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. पोरगा खाली मान घालून बसला. मी भिंतीपलीकडं होतो. उठून दारापर्यंत दोन पावलं. मांडीवर डबी होती. मी नाही उठलो.

मी का उठलो नाही याची कारणं मी वर्षानुवर्षं घोळवली आहेत. एक मात्र खरं होतं. माझ्यासारख्यानं देवीचा कोंबडा बिघडवला हे गावात पसरलं असतं, तर गोष्ट माझ्या एकट्यावर थांबली नसती. वेशीबाहेरच्या आमच्या लोकांवर गेली असती. ही भीती खोटी नव्हती. पण त्या संध्याकाळी मला त्यांची आठवणसुद्धा आली नव्हती. मला खोली जाईल असं वाटलं होतं. आणि मरळ जाईल असं वाटलं होतं. वस्तीची भीती मी नंतर शोधून काढली.

सकाळी सुनेला कंधारकडं माहेरी पाठवलं. पोरगा पिशवी घेऊन पुढं. ती माझ्या दारासमोर थांबली, खांद्यावरचं गाठोडं उगाच सारखं केलं. बराच वेळ सारखं केलं. मी गळावर दोरा गुंडाळत होतो. मान वर केली नाही. ती गेली.

माशी सुरेख झाली, सांगायलाही लाज वाटते. पण त्याच दिवशी लातूर शहरासाठी टँकर आले. उरलंसुरलं पाणी उपसायचा हुकूम होता, आणि ते किती आहे हा आकडा माझ्याच हातानं वर गेलेला. दुपारपर्यंत डबकं संपलं. मरळ चिखलात तोंड उघडत पडली होती. टँकरवाल्यानं तिला पोत्यात घातलं. मी काठी घेऊन काठावर उभा होतो, दोरी ओवलेली.

सुनेला परत आणलं नाही. वर्षभरानं पोराचं दुसरं लग्न लागलं. मी जेवायला गेलो होतो. पंगतीत बसून जेवलो.

नंतर मी नांदेडला परतलो, निवृत्त झालो. धरणं भरली, आटली, पुन्हा भरली. मासे पकडले, पुष्कळसे सोडून दिले. लोक लांबून दोरी बघायला येतात, म्हणतात काय हात आहे. मागच्या हिवाळ्यात कंधारजवळ एका तलावावर गेलो होतो. बंधाऱ्यावर चहाची टपरी होती. चहावाली बाई माझ्याकडं न बघता काठीकडं बघत होती.

"वळखलं का भाऊ?" ती म्हणाली.

केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच. मी हो म्हणालो. मग मीच म्हणालो, "तो कोंबडा... ते मी केलं होतं."

"ठावं हाय की," ती म्हणाली. "टँकर आला नव्हता. मी रिकामी घागर घेऊन माघारी आलते. दारातून बघितलं, कोंबडा तुमच्या मांडीत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"माझं कोण ऐकणार होतं? आधीच भांडण झालतं. म्हणलं, भाऊ हायत, भाऊच सांगतील. येस्टी हालेपतूर वाट बघत ऱ्हायले."

माफ कर म्हणायला तोंड उघडलं, पण तिनं चहाचा ग्लास पुढं केला म्हणून तो घेतला. तिनं गाळणी झटकली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मासा लागला का त्या पिसाला?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. "नाही," मी म्हणालो. "त्याच दिवशी पाणी संपलं. टाकलीच नाही ती माशी."

पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं.

"म्या आपली इतकी वर्सं म्हणत होते," ती म्हणाली, "निदान मासा तरी लागला आसंल."

मग ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली. माझ्या एका हातात चहा होता आणि दुसऱ्या हातात काठी, आणि ती काठी कुठं ठेवावी ते मला कळेना.