मंजनवाल्या शेठचं नाव आणि दिनूचा पडदा

शनिवार, १२ एप्रिल १९५८. पहाटेच्या एसटीने पनवेल सोडलं. माणगावला गाडी बदलली, म्हसळ्याला पुन्हा बदलली. दुपारी उतरलो.

मला जायचं नव्हतं. माझा धाकटा भाऊ दिनू दिवेआगरजवळच्या एका गावात ड्रॉइंग मास्तर होता. गेल्या पावसाळ्यात तापाने गेला. त्याआधी त्याने शाळेतल्या मुलांकडून गावच्या नाटकासाठी एक पडदा रंगवून घेतला होता. तो जत्रेत पहिल्यांदा लागणार, तेव्हा वडील भाऊ म्हणून तुम्ही या, असा नाट्यमंडळाचा निरोप आला. नाही म्हणता येईना.

कोणाला तिकडे जायचं असेल तर सांगतो. माणगावपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे नाही. पुढची जागा धरा. म्हसळ्याची गाडी वेळापत्रकात वेळेवर असते. कंडक्टरला विचारलं तर म्हणाला, "येल ओ, तुमाला घाई कसली?" भाडं सगळं मिळून चारेक रुपये. पण नारळी-पोफळीच्या वाड्यांत शिरल्यावर जो गारवा लागतो, त्याने अर्धा त्रास विसरतो. जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं मिळालं, उत्तम.

उरलेला अर्धा त्रास मंडळाचे अध्यक्ष रामभाऊ यांनी दिला. त्यांनी मला विहीर दाखवली, रहाट दाखवला, देऊळ दाखवलं, समुद्र दाखवला. पडदा दाखवेनात.

"पडदा बघायचा होता," मी म्हणालो.

"बघू की. शहाळं घ्या आधी."

दोन शहाळी पोटात होती. तिसरं घेतलं नाही, तेव्हा कुठे मैदानावर नेलं.

पडद्यावर खाडी होती, पलीकडचा किनारा होता, शिडाच्या होड्या होत्या. वर मोठं आभाळ. आणि त्या आभाळात हातभर उंचीच्या लाल अक्षरांत एका दंतमंजनाचं नाव. खाली 'नित्य वापरा'.

"हे कोणी केलं?"

"तेच विचारायचं हुतं," रामभाऊ म्हणाले. "तुमची परवानगी पायजे."

"रंग तर वाळलाय."

"वाळला म्हनून काय झालं? मानाप्रमानं विचारायलाच हवं."

मंजनवाले शेठ मुंबईहून आलेले होते, तेही पुढे झाले. शाळेने ड्रॉइंगची जागा काढून टाकली होती. नव्या मास्तरचा पगार आणि मुलांचे रंग शेठ देणार होते. अट एकच, पडद्यावर नाव.

"भाऊसाहेब, ही जाहिरात नाय समजायची," शेठ म्हणाले. "आशीर्वाद समजा."

"आशीर्वादाला 'नित्य वापरा' कशाला लागतं?"

"ते तर पेंटरने लिवला."

तिथली पद्धत अशी, की नाटकाआधी रंगमंचावर नारळ फुटतो, आणि तो आधी मानकऱ्याने उचलून द्यायचा. दिला की होकार. माझ्यापुढे तबक आलं. मी नारळाला हात लावला नाही. मग जो तो येऊन आंब्याच्या मोहराबद्दल, एसटीबद्दल, माझ्या तब्येतीबद्दल बोलू लागला. पडद्याबद्दल कोणी बोलेना. शेवटी नाटकातला राजा बाहेर आला. "काका, माझी दाढी सुटाया लागली. काय ते ठरवा."

त्याच्या मागून एक कोळीण आली. पार्वती तिचं नाव. तिची मुलगी दिनूच्या वर्गात होती.

"दादा, त्या होड्या माझ्या चंद्रीनं काढल्यात. मास्तर हुते तवर शाळा सुटली की रंगवाया बसायची. आता माझ्यासंगं मासळी निवडते. ते नाव पुसून ती परत वर्गात जाईल का?"

मी पडद्याजवळ जाऊन होड्या पाहू लागलो. पार्वती मागून म्हणाली,

"आनि आभाळ मोकळं कुनी ठेवलं? मास्तरांनीच. म्हनाले, वर कायबी काढू नका, पोरांच्या रंगाला पैसं लागतात, कोन ना कोन पैसंवाला येल, त्याचं नाव तिथं टाकू."

मी रामभाऊंकडे वळलो. "हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी विचारलंत कुठं?"

मी नारळ उचलून दिला.

नाटक कसं झालं ते सांगता येणार नाही, कारण ते सलग झालंच नाही. कोणी रुपया बक्षीस दिला की नाटक थांबे आणि देणाऱ्याचं नाव पुकारलं जाई. पोटात तलवार घुसलेला राजा तोवर उभा. शेठचं नाव सगळ्यांत जास्त वेळा झालं. शेजारचा म्हातारा म्हणाला, "आज ह्यो मरत न्हाय."

दुसऱ्या दिवशी परत निघालो. जूनमध्ये वर्ग सुरू होईल असं शेठनी सर्वांसमोर कबूल केलंय. ती लाल अक्षरं मला अजून आवडलेली नाहीत. दिनूने मला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो, म्हणूनच सांगितलं नसेल. आता भांडायचं कोणाशी?

पनवेलची खोली बंद राहून कोंदट झाली होती. खिडकी उघडली, शर्टावरची धूळ झटकली, आणि स्टोव्ह पेटवून भात टाकला.