बदली माय

नवागामच्या गल्लीत मंगलाबाईला पोटची पोरं दोन, पण शाळेच्या लेखी अकरा. कापडाच्या लूमवर माणूस आला नाही की त्याच्या जागी बदलीवाला उभा करतात, तशी गल्लीनं पालकसभेला मंगलाबाई उभी केलेली. पोरांचे आईबाप कामावर, आणि सभा भरदुपारी. मग घरबसल्या साड्यांचे लोंबते धागे कापणारी मंगलाबाई कात्री ठेवायची, पदर झाडायची आणि ज्याचं नाव पुकारलं जाईल त्याची माय व्हायची.

दहावीच्या वर्गशिक्षिका मालतीबाईंनी एकदा विचारलंच, "अहो, तुम्ही नक्की कोणाच्या आई?"

"ज्याले कमी मार्क पडनात, त्यानी."

शेजारच्या सोनालीच्या वेळी मात्र हे चालेना. सराव परीक्षेत पोरगी गणित-विज्ञानात उताणी पडली. तोंड सुकल्या भेंडीसारखं झालेलं. वर्गात बोलेना, घरी जेवेना. तिचा बाप सुकलाल म्हणे, शाळा बस झाली, साड्यांना टिकल्या चिकटवायला बसवतो. मालतीबाईंचा निरोप आला, "वडिलांनाच पाठवा."

मंगलाबाईनं सुकलालचं दार वाजवलं. "भाऊ, माय व्हसू मी. बाप कसा व्हसू? मिशी कोठून लयू?"

"रातपाळी करीसन उनू मी. मंग निजू कवय?"

"आधी चाल. मंग निज जितलं निजनं शे तितलं."

तिनं त्याला जवळपास ओढतच नेलं. वर्गात बाकावर सुकलाल, शेजारी मान खाली घातलेली सोनाली, मागं मंगलाबाई.

मालतीबाई म्हणाल्या, "ही घरी अभ्यासाला कुठं बसते?"

"घरमाच ऱ्हास दिनभर," सुकलाल म्हणाला. एवढं बोलून त्यानं भिंतीला डोकं टेकलं. मालतीबाई बोर्डाच्या परीक्षेचं महत्त्व सांगत होत्या, तोवर सुकलालच्या नाकातून लूम सुरू झाला. खडाखडा, आख्ख्या वर्गात. बाकीचे पालक तोंडावर रुमाल धरून हसू लागले.

बाप निजला तशी सोनालीची जीभ सुटली.

"घरी पण असंच, मॅडम. एकच खोली. लाइट लावली की शिवी, पान उलटलं की चप्पल. जिन्यात बसले तर म्हणतात, पोरं बघते."

मंगलाबाईची मान खाली गेली. अकरा जणांची माय झाली, पण शेजारची पोर जिन्यात का बसते, हे हिनं कधी विचारलं नव्हतं. पोर नखरे करते, असं गल्लीत तीच सांगत फिरलेली.

तिनं सुकलालच्या बाकाला लाथ हाणली. "ऊठ भाऊ! आजपासून तुनं अंथरून मना घरमा."

"आणि पोर?" सुकलालनं डोळे चोळत विचारलं.

"पोर तुना घरमा. लाइट लाईसन."

"गल्ली काय म्हनी?"

"गल्लीले मी सांगसू काय म्हननं ते."

"आणि टिकल्या?" मालतीबाईंनी सुकलालकडं रोखून पाहिलं.

"बोर्डानी परीक्षा व्हऊ द्या," सुकलाल पुटपुटला.

मंगलाबाईचा नवरा हेमराज घरी येऊन बघतो तर साड्यांच्या गठ्ठ्यांवर सुकलाल तोंड उघडं टाकून पसरलेला.

"शाळेत पोरं गोळा केलीस. आता बाप पण?"

"हाऊ बी बदलीच शे. परीक्षा व्हयनी का परत."

तेवढ्यात सुकलाल झोपेत ओरडला, "लाइट बंद कर!"

मंगलाबाईनं उठून आपल्या घरची लाइट बंद केली आणि कात्री घेऊन उंबऱ्यात, उजेडाला येऊन बसली. शेजारच्या घरात पान उलटल्याचा आवाज आला.