इश्शोमोनो बंदूक

माझ्या नवऱ्याने आयुष्यात झुरळ मारलेलं नाही. ते काम लग्नापासून माझ्याकडे आहे. त्यामुळे एका रविवारी चहा पिता पिता तो म्हणाला की त्याला बदकांच्या शिकारीसाठी बंदूक घ्यायची आहे, तेव्हा मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

ताप नव्हता, साहेब होता. त्याच्या ऑफिसातले बुचो, म्हणजे विभागप्रमुख, हिवाळ्यात इथे जपानात, चिबातल्या तळ्यांवर बदकं मारायला जातात. एकदा ते याला बरोबर घेऊन गेले. हा पहाटेच्या थंडीत गवतात दबा धरून बसला, बुचोंनी पाडलेल्या बदकाचा रस्सा प्यायला आणि घरी आला तो शिकारी होऊनच. पुण्यात आमच्याकडे अंडी उकडायलाही वेगळं पातेलं आहे, हे तो साफ विसरला.

बदकांशी माझं काही भांडण होतं असं नाही. माझं भांडण वेगळं होतं. मी दातांची डॉक्टर. तीन वर्षांसाठी जायचंय असं सांगून याने मला जपानला आणलं आणि तिनाची सात झाली. माझी डिग्री इथे चालत नाही. मी ओजिमा स्टेशनजवळच्या बेंतोच्या दुकानात कोबी चिरते आणि विकायचे जेवणाचे डबे भरते. पुण्यातला माझा दवाखाना एका मैत्रिणीने इतकी वर्षं सांभाळला. दिवाळीत तिने फोनवर सांगितलं, "एप्रिलपर्यंत ये गं, नाहीतर मी जागा सोडून देते. मला एकटीला आता नाही झेपत." मी ते नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." या माणसाच्या तोंडून 'बघू' आलं की समजावं, हा बघणार नाही.

बंदुकीचं मात्र त्याने खूप बघितलं. जेवताना समोर लॅपटॉप. दोन नळ्यांची घ्यावी की दुसरं काडतूस आपोआप चढणारी? लाकडी दस्ता दमट हवेत फुगतो, प्लास्टिकचा फुगत नाही. खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्याने नळी गंजते. बऱ्याच पाणथळ जागी शिशाचे छरे चालत नाहीत, पोलादी लागतात, आणि ते जुन्या नळ्यांना सोसत नाहीत. मी पोळ्या वाढत होते आणि तो मला गंज शिकवत होता. "टिकाऊ पाहिजे," हे त्याचं पालुपद. कोबी चिरून माझ्या बोटांना घट्टे पडले होते, त्यांची कोणी चौकशी केली नाही.

बंदुकीच्या दुकानात तो मलाही घेऊन गेला. बायको सोबत असली की बरं दिसतं म्हणे. मालक म्हातारे होते, हातात पांढरे मोजे. त्यांनी एकेक बंदूक मऊ कापडावर आणून ठेवली. हा प्रत्येक बंदूक खांद्याला लावून आरशात बघायचा. "कशी दिसते?" त्याने मला विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरी," मी म्हटलं.

मालकांनी विचारलं, किती वर्षं वापरायचा विचार आहे? नवरा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "इश्शोमोनो." मला त्यातलं फक्त 'इश्श' ऐकू आलं. बंदूक खांद्याला लावून हा बाप्या लाजतोय, असं डोळ्यांपुढे आलं आणि मी इतकी हसले की मालकांनी मला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी बेंतोच्या दुकानातल्या माझ्या जोडीदारणीला त्या शब्दाचा अर्थ विचारला. तिने हातातली सुरी वर धरली. "ही माझी इश्शोमोनो. एकदा घ्यायची आणि मरेपर्यंत वापरायची." मग खिदळत म्हणाली, "नवऱ्याला म्हणत नाहीत हं!"

मला हसू आलं नाही. इथे बंदुकीचा परवाना त्या एकाच बंदुकीपुरता आणि याच देशापुरता असतो. ती उचलून पुण्याला नेली आणि माळ्यावर टाकली, असं होत नाही. जन्मभराची बंदूक घेणाऱ्याने जन्मभर कुठे राहायचं तेही ठरवलेलं असतं. आणि ते त्याने दुकानदाराला सांगितलं, मला नाही. माझं डोकं असं फिरलं की त्या दिवशीच्या कोबीचा नुसता भुगा झाला.

घरी आले तर आमच्या प्रवासाच्या दोन्ही मोठ्या बॅगा इमारतीखाली, मोठ्या कचऱ्याचं स्टिकर लावून ठेवलेल्या. बंदुकीचं लोखंडी कपाट बसवायला त्याला जागा हवी होती.

"अगं, चाकं गेली होती त्यांची," तो म्हणाला. "आणि आता लागतात कुठे आपल्याला?"

मी दोन्ही बॅगा ओढत वर आणल्या आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे. तो शिकारीच्या परीक्षेचा अभ्यास करत होता.

पण या देशात बंदूक हातात पडण्याआधी पोलीस बायकोला विचारतात. नवरा मला पढवायला लागला. "काहीही विचारलं तरी हो म्हण, नुसतं हाय, हाय. जास्त बोलू नकोस. तुझं जपानी म्हणजे..." माझं जपानी बेंतोच्या दुकानातलं आहे, पण मुकं नाही.

पोलीस तरुण होता. बूट काढून, नीट जुळवून ठेवून आत आला. त्याने नवऱ्याला आतल्या खोलीत बसायला सांगितलं आणि मधलं सरकतं दार लावून घेतलं. मग मला ओकुसान, म्हणजे बाईसाहेब, म्हणत विचारलं, ते फार पितात का? रागात वस्तू फेकतात का? तुमच्यावर हात उगारतात का? मी प्रत्येक वेळी नाही म्हटलं. कितीही संताप असला तरी खोटं कशाला बोलू?

"मग ओकुसान, या घरात बंदूक यायला तुमची काही हरकत आहे का?"

माझे डोळे भरून आले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. देश बदलला, घर बदललं, हातातलं काम सुटलं. तुझी हरकत आहे का, हे मला पहिल्यांदा विचारलं ते एका परक्या पोलिसाने.

"आहे," मी म्हटलं.

"कशाला?"

"बंदुकीला नाही. ती जन्मभर इथे राहण्यासाठी घेताहेत, त्याला. मला माझ्या देशात परत जायचंय. त्यांना ते माहीत आहे, पण त्यांनी मला विचारलं नाही."

पोलिसाचा हात लिहिता लिहिता थांबला. सरकतं दार उघडलं. नवरा उभा होता, कानशिलं लालबुंद. माझ्याशी इतक्या मऊ आवाजात तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. "तुला खरंच परत जायचंय का?" त्याने विचारलं. मी सात वर्षं ज्याची वाट बघत होते तो हाच प्रश्न. फक्त त्याने तो जपानीत विचारला, पोलिसाकडे बघत.

मी उत्तर मराठीत दिलं. "हो. एप्रिलमध्ये. तू यायचं की नाही ते तुझं तू बघ."

पोलिसाने त्याच्याकडे वळून विचारलं, ओकुसान काय म्हणाल्या?