बेबीबाईच्या वाटीतले दाणे

म्हसावदच्या चुडामण पाटलांचं घोरणं म्हणजे साधंसुधं नव्हतं हो! ऊस जरा वाढीला लागला की शेजारचा हेमकांत उन्हं कलायच्या आत दारात हजर. "आप्पा, आज मन्हा ऊसमा झोपाले या ना!" आप्पांनी मचाणावर अंग टाकलं की रानडुकरं त्या बांधाकडे फिरकतसुद्धा नसत. गावभर कौतुक, आणि आप्पा मिशीला पीळ देत ते ऐकून घेत.

त्यांच्या बायकोला, बेबीबाईला, मात्र या कौतुकाची धास्ती होती. तिचे सासरे धुडकू आबा असेच घोरायचे. बावन्नाव्या वर्षी एका सकाळी ते उठलेच नाहीत. गाव म्हणालं, झोपेत गेला, नशीबवान माणूस! कसलं डोंबलाचं नशीब? बेबीबाईला ते तेव्हाही पटलं नव्हतं. आणि येत्या पोळ्याला आप्पांना बावन्नावं लागणार होतं.

त्यात एकदा भर दिवसा आप्पांनी ट्रॅक्टर घातला तो थेट बांधापलीकडच्या धनुबाईच्या कपाशीत! बेबीबाई शेजारीच बसलेली. तिने ओरडून दंडाला हिसका दिला तेव्हा कुठे आप्पांचे डोळे उघडले आणि ब्रेक लागला. रात्रभर झोपलेला माणूस सकाळी दहाला पेंगतो कसा? जावेने मीठमिरची ओवाळून टाकली. बेबीबाईने ओवाळू दिली, पण तिचं समाधान काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आप्पा निंबाखाली खाटेवर आडवे झाले. बेबीबाई उशाशी सुपात दादर निवडत बसली. दादर म्हणजे इकडची ज्वारी. घोरणं सुरू झालं, चढत गेलं आणि एकदम बंद! पोट आतबाहेर ओढलं जातंय, पण नाकापुढे हात धरला तर वारा नाही. मग गचका बसला, आप्पांनी हवा गिळली आणि पुन्हा घोरणं.

आता श्रावणात महादेवाला लाख तांदूळ मोजून वाहायची लाखोली बेबीबाईने तीनदा पुरी केलेली. मोजण्यात तिचा हात कोण धरणार? श्वास थांबला की तिने सुपातला एक दाणा वाटीत टाकायचा. तासाभराने दाणे मोजले, पुन्हा एकदा मोजले. एक्केचाळीस! एका तासात एक्केचाळीस वेळा!

आप्पा उठले, ऐकलं आणि हसायलाच लागले. "मन्हं घोरणं बंद व्हयनं तर डुकरे कोण हाकली?"

"डुकरे मी हाकसू," बेबीबाई कडाडली, "तुमना श्वास कोण आनी?"

तीस वर्षांत तिचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. ते उठले आणि पायात चपला घातल्या.

शहाद्याला डॉक्टर ममतांच्या टेबलावर तिने ती वाटीच ठेवली. "मावशी, हे काय?" बेबीबाईने सगळं सांगितलं आणि डॉक्टर खुर्चीतून उठल्याच! "अहो, आम्ही मशीन लावून हेच तर मोजतो! स्लीप ॲप्निया म्हणतात याला. झोपेत घशाची वाट मिटते, श्वास अडतो. रक्तदाब चढतो, हृदयाला आणि मेंदूला धोका होतो. झोप पुरी होत नाही, म्हणून ट्रॅक्टरवर डोळा लागतो. घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो, पण श्वास थांबत असेल तर तपासायलाच हवं." आप्पांचा रक्तदाब पाहिला तर तो चढलेलाच. आप्पांचा हात मिशीकडे गेला आणि तसाच खाली आला.

छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी लावून तपासणी झाली. निकाल आला: तासाला सरासरी त्रेचाळीस. डॉक्टर थक्क! बेबीबाई मात्र खट्टू. "दोन दाणा कसा काय हुकनात?" ती घरी येईपर्यंत तेच घोकत होती.

मग घरात हवा सोडणारं मशीन आलं, त्याचा मास्क आला. नीट झोप लागेपर्यंत ट्रॅक्टरला हात लावायचा नाही, वजन उतरवायचं, असा डॉक्टरांचा हुकूमही आला. "मळनीना बैलले मुसकं बांधतस तसं शे हाई," आप्पा कुरकुरले, पण दुपारी जेवण झाल्यावर मास्क चढवून खाटेवर पडले. पोळा चार दिवसांवर आला होता.

बेबीबाई सूप आणि वाटी घेऊन उशाशी बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आवाजच नाही! त्या एक्केचाळीस दाण्यांपासून आप्पा गप्प झाले की तिचाही जीव थांबायचा. तिने घाईघाईने छातीवर हात ठेवला. छाती संथ वर येत होती, खाली जात होती, पुन्हा वर येत होती. तास झाला. वाटीत तीन दाणे! बेबीबाईला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना. देवा रे, किती शांत झोपलाय माझा माणूस!

तेवढ्यात फाटकातून हेमकांतची हाक आली. "आप्पा! रातले डुकरेसनी मन्हा ऊस पार लोळाई टाका. तुम्ही मचाणवर घोराले उनात नही का?"

बेबीबाईने ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. पदराने डोळे पुसले, वाटीतले दाणे सुपात ओतले आणि मूठभर दादरसकट ती वाटी त्याच्या हातात दिली.

"तुन्हा बाप बी घोरस ना रे? आते घरमा झोपेल शे ना तो?"

एक्केचाळीस दाण्यांची गोष्ट गावभर झालीच होती. हेमकांत हसायला गेला, पण हसू ओठांवरच राहिलं. त्याने एकदा खाटेवरच्या आप्पांकडे पाहिलं, वाटी छातीशी धरली आणि घराकडे धूम ठोकली.