चोवीस पावलांतलं पहिलं

मागं सरणं मला आयुष्यात कधी जमलं नाही. भाजीवालीशी असो, टेम्पोवाल्याशी असो, सासरच्या चार बायकांत असो, मी शेवटचा शब्द दुसऱ्याला सोडलेला नाही. आणि कराटेत माझ्या नशिबी आला निजुशिहो. निजुशिहो म्हणजे चोवीस पावलं. हा वरच्या पट्ट्यांचा काता. काता म्हणजे समोर शत्रू आहे असं मानून ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचाली. त्यात पहिलंच पाऊल मागं. उजवा पाय मागं घ्यायचा, तळहातानं हवा खाली दाबायची, मग ठोसा, मग कोपर. ठोसा आणि कोपर यांच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

"ताई, मागं सरताय की रुसून माहेरी निघालाय?" सर विचारायचे. सर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. पण शिकवतो तो सर, त्यात वय बघायचं नसतं.

मी पंचेचाळीस वर्षांची. कोल्हापुरात माझं मिरची कांडपाचं दुकान आहे. मुलीला क्लासला सोडायला जायची, ती पिवळ्या पट्ट्यावर कंटाळून घरी बसली आणि मी मात्र राहिले. गल्ली हसली. "तिखट कमी पडलं व्हय, आता लाथा पण?" नऊ वर्षांनी काळा पट्टा कमरेला आला, तेव्हा हसणाऱ्यांच्याच बायका दुकानात येऊन हळूच विचारायला लागल्या, "आम्हाला शिकवशील काय गं?" बघता बघता आठ जणी झाल्या. सर म्हणाले, "काळ्या पट्ट्याच्या पुढची पायरी पास व्हा, सकाळची बायकांची बॅच तुमची." त्या आठ जणींना मी हो म्हणून बसले होते.

या परीक्षेत काता नुसता करून भागत नाही. प्रत्येक हालचालीचा अर्थ सांगायचा आणि माणसावर करून दाखवायचा. परीक्षक बाहेरगावचे, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी माझा काता शांतपणे बघितला आणि विचारलं, "पहिलं पाऊल मागं का?"

"समोरचा ताकदीचा असतो म्हणून." पुस्तकात असंच लिहिलेलं होतं.

"मग दाखवा."

त्यांनी तालमीतल्यासारखा एक गडी समोर उभा केला. त्यानं ठोसा मारला, मी मागं सरले, तो पुढं आला. पुन्हा सरले, पुन्हा आला. तिसऱ्यांदा माझी पाठ भिंतीला लागली आणि त्याची मूठ माझ्या छातीपाशी थांबली. "पाठ झालंय," परीक्षक म्हणाले, "कळलेलं नाही." नापास. आठही जणी बघायला आल्या होत्या. एकीनं तर पेढे आणले होते. ते पेढे कुणी खाल्ले मला माहीत नाही, मी घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले.

चैत्र लागला की आमच्याकडं वर्षाच्या चटणीची झुंबड असते. त्या गडबडीत एक दिवस ब्याडगी मिरचीची पोती घेऊन टेम्पो आला. नेहमीचे हमालमामा सीमेपलीकडचे, मला अक्का म्हणतात. ते वरून पोतं सोडतात, खाली मी घेते. वीस वर्षं हेच चाललंय. नवरा पुढं झाला, "तू ऱ्हाऊ दे, मी घेतो."

"आधी तुमची कंबर सांभाळा," म्हटलं.

पोतं आलं. मी अर्धं पाऊल मागं सरले, शिवलेल्या तोंडावर तळहात दाबला, ते जिकडं निघालं होतं तिकडंच त्याला आणखी थोडं ओढलं, आणि पोतं माझ्या मांडीजवळून जमिनीवर गपकन बसलं. अंगावर घेतलं असतं तर बरगडी गेली असती. सोडून पळाले असते तर पोतं फुटून रस्ताभर मिरची. मी खाली बघितलं. उजवा पाय मागं होता, हात खाली दाबलेला होता. अगं बाई, हेच की ते!

"मामा, पोतं परत वर घ्या."

"आं?"

"घ्या वर. आणि परत सोडा."

नवरा कंबर विसरून खालून रेटतोय, मामा वरून ओढतायत, गिऱ्हाईकं तोंडाला पदर लावून बघतायत. असं सात वेळा झालं. "अक्का," मामा म्हणाले, "येकच पोतं किती येळा उतरायचं?"

संध्याकाळी सरांना दुकानात बोलावलं. ते शिंकत शिंकत आले. "मारा ठोसा," म्हटलं. त्यांनी मारला. माझा तळहात त्यांच्या मनगटावर बसला, मी त्यांना बरोबर घेऊन मागं सरले आणि सर मिरचीच्या पोत्यावर पालथे. उठले, डोळे चोळले, त्यामुळं आणखी झोंबले. तसेच म्हणाले, "ताई, इतकी वर्षं मी हे पाऊल शिकवतोय. माझंच चुकत होतं." दुसरा कुणी असता तर 'मला माहीत होतं' म्हणून मोकळा झाला असता.

पाऊस सरल्यावर पुन्हा परीक्षा झाली. तेच परीक्षक, तोच गडी, तोच प्रश्न. "पहिलं पाऊल मागं का?"

"मागं मी एकटी कुठं सरते? त्याला घेऊन सरते की."

गडी गुडघ्यावर आला आणि माझं कोपर त्याच्या कानापाशी थांबलं. परीक्षकांनी पुन्हा करायला लावलं. मग अंगातला कोट काढून स्वतः समोर आले. त्यांनाही गुडघ्यावर आणलं, जरा जपून. "हे कुणी शिकवलं?" त्यांनी खालूनच विचारलं. मी मिरचीच्या पोत्यांचं सांगितलं. ते हसले नाहीत. वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत बसले.

पास झाले आणि मला गर्व झाला. उगाच खोटं कशाला बोलू? सातासमुद्रापलीकडच्या कुणा जुन्या माणसानं बसवलेलं पाऊल, त्याचा अर्थ माझ्या दुकानाच्या दारात मला सापडला, आणि तो माझ्या हातांना वीस वर्षं आधीपासून येत होता. याचा गर्व करायचा नाही तर कशाचा करायचा?

बॅचच्या पहिल्या सकाळी आठ जणी रांगेत उभ्या राहिल्या. कुणी पंजाबी ड्रेसात, एक तर साडीचा पदर खोचून. आमच्यात रांग पट्ट्यानुसार लागते, शिकवणाऱ्याच्या जवळ मोठा पट्टा, शेवटी नवखा. मी समोर उभी राहिले, तर रांगेच्या पार शेवटी, नवव्या जागेवर सर.

"अहो सर, तुम्ही तिकडं कुठं? पुढं या."

"बॅच तुमची आहे, ताई. मला ते पहिलं पाऊल नीट शिकायचंय."

आठ जणींबरोबर त्यांनीही मला वाकून नमस्कार केला. मीही वाकले. मग आकडे मोजायला लागले, सगळ्यांनी पाय मागं घेतला, आणि मी रांगेतून बघत बघत शेवटपर्यंत गेले.

"सर, गुडघा अजून वाकवा," मी म्हणाले.

त्यांनी वाकवला.