घडीमावशीच्या छत्र्या

घडीमावशीला नावाने हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. लढाईआधी ती हॉटेलातल्या चादरींच्या घड्या घालायची, आता धावपट्टीशेजारच्या गोदामात पॅराशूटच्या. पॅराशूटला तिथे सगळ्या जणी छत्रीच म्हणत. घडी जराशी चुकली की मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू.

"काय गं, ही काय नवऱ्याच्या सदऱ्याची घडी आहे होय? ती विसकटली तर तो नुसता कुरकुरेल. ही विसकटली तर वरून धोंडा पडेल धोंडा!"

ओल्या बुटांनी आत येणाऱ्याची तर ती बिनपाण्याने करायची. छत्रीला ओल लागली की उंचावरच्या गारठ्यात कापड गोठतं, एकमेकाला चिकटतं आणि उघडतच नाही.

तिचा धाकटा मुलगा खिंडीपलीकडे अडकलेल्या पलटणीत होता. रस्ता बर्फाने आणि शत्रूने मिळून बंद केलेला. आरमाराची जहाजं पीठ आणि औषधं घेऊन खाडीच्या तोंडाशी आली होती, पण पाण्यात सुरुंग पेरलेले. एक जहाज बुडालं, बाकीची आल्या वाटेने परतली. राहिलं आभाळ, म्हणजे विमानातून सोडायची खोकी आणि ती अलगद उतरवणाऱ्या मावशीच्या छत्र्या. दर घडीला तिला पोराचं तोंड दिसायचं.

पुढे थंडी अशी कडाडली की पोरींची बोटं वळेनात. एक जण काम करता करता रडायलाच लागली. मावशी तोंडाची फटकळ, पण आतून लोणी. तिने शेगडी पेटवली, वर मोठी किटली चढवली. पोरी आळीपाळीने वाफेवर हात धरायच्या आणि कामाला भिडायच्या. दुप्पट छत्र्या निघू लागल्या. मावशी स्वतःवर बेहद्द खूश झाली, आणि माणसाचं इथेच चुकतं. बुटांच्या ओलीवर डोळ्यांत तेल घालून पहारा करणाऱ्या बाईला, ही वाफ जाते कुठे, असा प्रश्न काही पडला नाही.

त्या सकाळी वैमानिक फेरीहून परतला तो थेट गोदामात शिरला.

"मावशी, छत्र्या उघडल्या नाहीत. निम्म्याहून जास्त."

"आणि खोकी?"

"सरळ खाली." त्याने डोक्यावरची टोपी काढली. "खालची पोरं उपाशी हो. आता उघडतील, मग उघडतील म्हणून हात पसरून खोक्यांखालीच धावत आली."

मावशीने फळीवरची तयार छत्री ओढली, दोरी सोडली आणि घडीला गाल लावला. दमट. दुसरी सोडली, तीही दमट. शेगडीवर किटली खदखदत होती. कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

तेवढ्यात गोदामाचे साहेब धावत आले. बाहेर दुसरं विमान भरून उभं होतं, पंखे फिरत होते.

"मावशी, सगळ्या छत्र्या वाळवायच्या तर उद्या उजाडेल. वादळ दुपारीच येतंय. आत्ता नाही गेलो तर मग किती दिवस जाता येणार नाही, देव जाणे. बोला, सोडू का विमान?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या तळाशी तिचाच पोरगा. विमान गेलं तर डोक्यात खोकं, नाही गेलं तर पोटात आग.

"थांबवा साहेब," ती म्हणाली. "माझ्याच हाताने त्यांच्या डोक्यात धोंडे नका घालू."

साहेबांनी बाहेर जाऊन हात वर केला. पंखे थांबले.

मावशीने शेगडी उचलून बर्फात भिरकावली आणि पोरींना घेऊन छत्र्या आढ्याला टांगायला सुरुवात केली. दुपारी वादळ आलं आणि धावपट्टी दिसेनाशी झाली.

तेव्हा वायरलेसवाला अंगावरचा बर्फ न झटकताच आत आला. या वेळी मावशी त्याला ओरडली नाही. खिंडीतून निरोप होता. मान खाली घालून त्याने तो सांगितला.

"ते म्हणतायत, छत्र्या नसल्या तरी चालेल. तसंच टाका. आता आम्ही बाजूला उभे राहू."

मावशीने साहेबांची बाही धरली.

"मग सोडा की विमान," ती म्हणाली. "साहेब, अहो, सोडा की!"

साहेबांनी गोदामाचं दार उघडून दाखवलं. बाहेर विमान कुठे उभं आहे तेसुद्धा दिसत नव्हतं.