खाटेवर वाळणारे चेहरे

मुरलीपुऱ्यातल्या त्या गल्लीत द्वारकाबाई तायड्यांच्या घरातून सहसा काही बाहेर फेकलं जात नसे. नारळाच्या शेंड्या, विटक्या लुगड्यांचे काठ, फुटक्या बांगड्या, गौतमीच्या शाळेतली रद्दी, सगळं पत्र्याच्या पेटीत जमा व्हायचं आणि त्याच्या बाहुल्या व्हायच्या. भीमराव रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. अकोल्याकडून निघालेलं बिऱ्हाड बदल्या होत होत जयपुरात येऊन टेकलं. नवरा ड्यूटीवर, मुलूख परका, बोलायला माणूस नाही. अशा दिवसांत हात गुंतवायला त्यांनी पहिली बाहुली केली होती, लहानग्या गौतमीसाठी. आता भीमराव निवृत्त झाले होते, गौतमी इथेच शिक्षिका झाली होती आणि बाहुल्या राजा पार्क भागातल्या एका दुकानात विकायला जात होत्या.

बाहुलीचं अंग सोपं. गावाकडे त्यासाठी तुराट्या वापरायच्या, इथे सरकंडा, बोरूसारखं जाड गवत, मिळे. त्याचा सांगाडा बांधायचा आणि वरून चिंध्या गुंडाळायच्या. खरं काम तोंडाचं. रद्दी भिजवून पाट्यावर वाटायची, कीड लागू नये म्हणून त्यात मेथीदाणे आणि घट्टपणाला मुलतानी माती. गोळा डाव्या हातात धरायचा आणि उजव्या अंगठ्याने डोळे दाबायचे, नाक ओढायचं. साचा त्यांनी कधी वापरला नाही. हाताला येईल तो चेहरा. कोणी हसरी निघे, कोणी रुसकी.

गेल्या थंडीत गच्चीवरच्या खाटेवर अशीच मुंडकी वाळत होती. गौतमी दोरीवरचे कपडे काढायला गेली आणि बराच वेळ खाली आलीच नाही. आई वर आली तेव्हा ती खाटेपाशी उभी होती.

"आई, ही कोण आहे? मतलब, तू सगळ्यांना एकच चेहरा का दिलास?"

द्वारकाबाईंनी एकेक मुंडकं उचलून नीट पाहिलं. रुंद कपाळ, डावी भुवई जराशी चढलेली, खालचा ओठ दातांखाली घट्ट धरलेला. सगळ्या मुंडक्यांवर तीच बाई. अशी बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"म्या काई मुद्दाम नाई केलं," त्या म्हणाल्या. "हातच तिकडं जाते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवून म्हाताऱ्याचं तोंड करायला घेतलं. मिशा लावल्या, गाल आत दाबले. वाळल्यावर गालांचे खळगे राहिले, पण मिशांखाली ओठ तोच, दातांत धरलेला. मग तान्ह्या बाळाचं केलं, ते तर पाहवेना. ते त्यांनी पुन्हा पाण्यात टाकलं. सकाळी बादलीतला लगदा तळाशी बसला होता आणि वरच्या नितळ पाण्यात बघायचा त्यांना धीर होईना. भीमरावांनी ती बादली ओतली.

भीमराव बुद्धविहारात नेमाने जाणारे, भुताखेतांचं नावही घरात न काढू देणारे. अंगठ्याला एक सवय लागली, एवढंच, असं ते म्हणाले. द्वारकाबाईंनाही तसं मानायचं होतं. पण गच्चीवरची माकडं त्यांच्या ध्यानात आली. ती माकडं पापड पळवत, फणी पळवत, एकदा भीमरावांचा चष्मा घेऊन गेली होती. आता ती कठड्यावर ओळीने बसत आणि खाटेकडे टक लावून पाहत. जवळ एकही येत नसे.

मग एका सकाळी द्वारकाबाईंनी मुंडकी पूर्वेला तोंड करून मांडली आणि दुपारी पालटायला गेल्या, तर सगळी गल्लीपलीकडच्या घराकडे वळलेली. त्यांनी भीमरावांना हाक मारली.

"ऊन लागलं का कागद एका अंगानं आकसते," भीमराव म्हणाले. त्यांनी स्वतः एकेक मुंडकं उचलून पुन्हा पूर्वेला लावलं, खाली खडे दाबले आणि खुर्ची टाकून तिथेच पेपर वाचत बसले. वारा नव्हता. पेपर वाचून संपला, त्यांनी मान वर केली. खडे जागच्या जागी होते. चेहरे पुन्हा समोरच्या घराकडे होते.

त्या घरात गुलाब कँवर नावाच्या वयस्क बाई एकट्या राहत. गल्ली त्यांना माँजीसा म्हणे. त्या लेकीकडे कोट्याला जाणार होत्या, दूधवाल्याला तसं सांगूनही ठेवलं होतं, त्यामुळे दोन दिवस दार बंद दिसलं तरी कोणाला काही वाटलं नव्हतं. द्वारकाबाई जिना उतरल्या आणि गल्ली ओलांडून त्यांच्या दाराशी गेल्या. हाका मारल्या, कडी वाजवली. खिडकीला कान लावला तेव्हा आतून भांडं फरशीवर घासल्यासारखा बारीक आवाज आला.

भीमरावांनी आणि शेजारच्या परीक्षितने मागचं दार खांद्यांनी उघडलं. माँजीसा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, ओठ सुकून पांढरे झाले होते, पण शुद्ध होती. द्वारकाबाईंनी चमच्याने पाणी पाजलं. माँजीसांनी त्यांच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात हिंदीत विचारलं, "ती कुठे आहे? तुम्हाला बोलवायला ती गेली होती ना?"

दारात कोणीच नव्हतं.

त्या वाचल्या. इस्पितळातून आल्यावर वॉकर धरून चालायला लागल्या, तेव्हा द्वारकाबाई एक मुंडकं पदरात झाकून त्यांच्याकडे गेल्या. दाखवावं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. माँजीसांनीच पदर बाजूला केला. पाहिलं आणि ओढणीचं टोक तोंडावर धरलं.

ती त्यांची मोठी जाऊ होती, त्याच घरात वारलेली. वाटणीवरून काही बिनसलं आणि तिने माँजीसांशी बोलणं टाकलं. एका चुलीवर दोघींचा स्वयंपाक होई, पण शब्द नाही. काही सांगायचं झालं की ओठ दातात धरून ती उभी राही. "मरेपर्यंत बोलली नाही," माँजीसा म्हणाल्या. "त्या दिवशी मी पडले तेव्हा इथेच उभी होती. तशीच. मग पाठ फिरवून गेली. मला वाटलं, आताही सोडून गेली."

त्यांनी ते मुंडकं मागून घेतलं. द्वारकाबाईंनी त्याला सरकंड्याचं अंग केलं आणि माँजीसांच्या जुन्या लहरियाचा, लाटांसारख्या पट्ट्यांच्या ओढणीचा, घागरा नेसवला. ती बाहुली आता त्यांच्या स्वयंपाकघराच्या फळीवर असते. माँजीसा भाजी चिरताना तिच्याशी बोलतात, मध्ये थांबतात, मान हलवतात. ते पाहिल्यापासून द्वारकाबाई त्यांच्याकडे गेल्या की बाहेरच्या खोलीतच बसतात.

त्यानंतर चेहरे पहिल्यासारखे निघू लागले, हसरे, रुसके, नाना तऱ्हेचे. माकडंही पुन्हा खाटेवर येऊन नासधूस करू लागली आणि त्यांना हुसकावताना द्वारकाबाईंना बरंच वाटे.

होळी झाल्यावर एका दुपारी त्या लगदा घेऊन बसल्या होत्या. भीमराव समोर चहा पीत होते. गप्पांच्या नादात अंगठा चालत राहिला. हातातलं तोंड त्यांनी परातीत ठेवलं, दुसरं ठेवलं, तिसरं ठेवताना थांबल्या. अनोळखी म्हाताऱ्या माणसाचा चेहरा होता, एक डोळा बारीक, हनुवटीला खोक. तिन्ही गोळ्यांवर तोच. त्यांनी परात भीमरावांकडे सरकवली.

भीमरावांनी तिन्ही गोळे उचलून पाहिले. या वेळी ते उन्हाबद्दल बोलले नाहीत, सवयीबद्दलही नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि गल्लीत सध्या कोण कोण एकटं राहतं, असं विचारलं. द्वारकाबाई हात धुऊन आल्या तोवर त्यांनी चपला घातल्या होत्या.